त्सुकिजीत काइसेनदोन खायचंय? आधी दारावरचा कागद बघा

टोकियोत त्सुकिजीच्या बाहेरच्या मार्केटमध्ये काइसेनदोनची, म्हणजे भातावर कच्च्या माशांचे तुकडे रचलेल्या बाउलची जी फेमस दुकानं आहेत तिथे लाइन मोठी असते, आणि कधीकधी आपण नुसतेच उभे राहतो नि मागून आलेले आत जातात.

१. लाइनीत घुसायच्या आधी दाराजवळ कागद आणि पेन ठेवलंय का बघा. असेल तर नाव आणि किती जण ते लिहायचं, हाक त्याच क्रमाने मारतात. काही ठिकाणी नंबराचं मशीन असतं. नाव छोटं लिहा हां, कुलकर्णी वगैरे वाचताना त्यांची वाट लागते.

२. सकाळी लवकर जा, ११ नंतर नुसती जत्रा असते.

३. रविवार आणि बरेचसे बुधवार टाळा, इथला माशांचा घाऊक बाजार आता टोकियोतल्याच तोयोसू भागात गेला असला तरी त्याच्या सुट्टीला इथली पण बरीच दुकानं बंद असतात.

४. रोख येन ठेवा, कार्ड सगळीकडे चालत नाही.

सोया सॉस आमटीसारखा ओतू नका, छोट्या ताटलीत वासाबी, म्हणजे ती झणझणीत हिरवी चटणी, कालवून थोडा थोडा घ्या, नाहीतर भात खारट होतो. आणि हो, गरोदर असाल तर कच्चं नकोच, ग्रिल केलेला मासा मागा.