अडलेली गाय व्याली, पण उठेना

वासरू ओढून काढलं, गाय तासभर झाला तरी बसूनच, की गोठ्यात जमलेले सांगतात: शेपूट पिळा, चौघं लागा आणि उभी करा. यातलं काहीही करू नका.

ओढण्याबद्दल थोडक्यात. कळेबरोबर ओढा, कळ थांबली की थांबा. दोन माणसांच्या जोराने येत नसेल तर डॉक्टर बोलवा. ट्रॅक्टरला दोर बांधणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

गाय बसूनच राहिली, तर आधी डॉक्टरांकडून कॅल्शियम कमी आहे का ते ठरवून घ्या. कान गार, मान कुशीकडे वळलेली, गाय सुस्त, असं असेल तर बहुतेक तेच. कॅल्शियमचं सलाईन शिरेतून हळूहळूच जायला हवं. घाईने दिलं तर हृदय बंद पडू शकतं.

गाय तरतरीत आहे, वैरण खाते, पण मागचे पाय फाकतात किंवा खूर मागे दुमडतो? मग कमरेच्या हाडांत अडकलेल्या वासराने पायाकडे जाणाऱ्या नसा चेपल्यात. लोक याला लचक म्हणतात आणि तेल चोळत बसतात.

माझी पहिलारू एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाय अशीच बसली. मी तिला रात्रभर कोब्यावर ठेवलं. सकाळी अंगाखालचा फरा लाकडासारखा कडक. नसा कदाचित सुधारल्याही असत्या, पण स्वतःच्याच वजनाखाली मांडीचे स्नायू मेले होते. ती पुन्हा उठली नाही. पाच-सहा तास एकाच कुशीवर बसणंही घातक ठरतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

म्हणून बसलेल्या गाईला लगेच ताडपत्रीवर घेऊन मातीच्या जागेत सरकवा, दोराने पाय ओढू नका. खाली वीतभर तरी पाचट किंवा भुसा हवा. दर तीन तासांनी कूस बदला, रात्रीसुद्धा; मी मोबाइलला गजर लावतो. पाय फाकत असतील तर मागचे दोन्ही पाय घोट्याच्या वर रुंद, मऊ पट्ट्याने बांधा, मध्ये हातभर अंतर सोडून. नुसती सुतळी कातडी कापते. पाणी तोंडापाशी ठेवा, सड कोरडे ठेवा.

उठली तरी सुटलो समजू नका. विण्याच्या सुमारास खुरातलं हाड धरून ठेवणाऱ्या ऊती सैल पडतात. त्यात गाय थकलेली, खाणं कमी, कोब्यावर उभी. सैल झालेलं हाड तळव्याला आतून दाबतं. ती जखम तळव्यावर दिसायला दोन-तीन महिने लागतात, आणि तोवर अडलेलं बाळंतपण कोणाच्या लक्षात नसतं. मी व्यायची तारीख गव्हाणीवर खडूने लिहितो आणि दोन महिने झाले की ती लंगडो न लंगडो, खूर तपासून घेतो.