गडाची वाट शेतातून जाते? मालकाचा मोबदला असा ठरवा

गडाची वाट पायथ्याच्या खाचरांतून जात असली की कधीतरी शेतकरी तिच्यावर काट्या टाकतो आणि ट्रेकर म्हणतात, पैशासाठी अडवलं. बहुतेकदा धास्ती वेगळीच असते: वहिवाट पडेल. ती खोटी नाही. 1882 च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम 15 प्रमाणे हक्काने, उघडपणे, 20 वर्षं विनाखंड वापरलेल्या वाटेवर कायमचा हक्क सांगता येतो. मालकाच्या परवानगीने केलेला वापर मात्र त्यात धरत नाहीत. म्हणजे परवानगीचा लेखी करार मालकालाच राखतो. बोलणी इथून सुरू करा, रकमेपासून नको.

आधी ताजा सातबारा काढा. नावं पाच असतील तर सह्या पाच. मुंबईचा चुलतभाऊ नंतर उगवतो आणि सगळं मोडतं. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात कुळाचं नाव असेल तर त्याचीही संमती हवी.

मग टेप घेऊन मालकासोबत चाला. 4 फूट रुंद वाट 272 फूट गेली की 1 गुंठा होतो. 300 मीटरला साधारण 3.6 गुंठे. गुंठ्याला 50 किलो भात धरलं तर 180 किलो. 2025-26 च्या 2,369 रुपये क्विंटल हमीभावाने सुमारे 4,264 रुपये. ही तळाची रक्कम. पेंढा आणि बांधाची डागडुजी वेगळी. खरं नुकसान बांधाचंच असतं: बूट घसरतो, बांध फुटतो, वरच्या खाचरातलं पाणी निघून जातं आणि लावणी कोरडी पडते. प्रत्येक बांधावर लाकडी शिडी ठेवा, उचलून नेता येईल अशी.

माणशी दर ठरवू नका. पहाटे चारला डोकी कोण मोजणार? वर्षाची ठोक रक्कम पेरणीआधी, मालकाच्या खात्यात.

कागदावर ‘भाडेपट्टा’ लिहू नका, उद्या कूळ म्हणून जमिनीवर हक्क सांगाल या भीतीने मालक उठून जाईल. ‘परवाना’ लिहा, मुदत 11 महिने. पक्क्या पायऱ्या बांधू नका: परवान्याच्या भरवशावर खर्च करून कायमचं बांधकाम केलं, तर त्याच कायद्याच्या कलम 60 मुळे मालकाला परवाना मागे घेता येत नाही. हे कळलं की तो पहिल्या फरशीलाच हरकत घेतो, आणि बरोबरच आहे. उलट कलम 59 प्रमाणे जमीन विकली गेली की नवा मालक परवान्याला बांधील नसतो. म्हणून विक्रीआधी महिनाभर कळवण्याची आणि उरलेल्या महिन्यांचे पैसे परत करण्याची अट घाला.