१६०० मीटरला दुसऱ्याच फेरीत धाप लागते? या चुका टाळा

सोलापुरात पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या कुणालाही विचारा, दम का लागतो? उत्तर ठरलेलं: "ऑक्सिजन कमी पडतो." पहिली चूक इथेच होते. निरोगी माणसाच्या रक्तातला ऑक्सिजन पळताना सहसा फारसा घटत नाही. धाप वाढवतात ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि आम्ल.

त्यांची मोजणी दोन ठिकाणी होते. मेंदूच्या देठातले संवेदक कार्बन डायऑक्साइडवर लक्ष ठेवतात. दुसरे मानेत, जबड्याखाली नाडी लागते त्या रोहिणीच्या फाट्यावर, साधारण ज्वारीच्या दाण्याएवढे. त्यांना कॅरोटिड बॉडी म्हणतात. ऑक्सिजनचा दाब नेहमीच्या ९५ वरून ६० मिलिमीटर पाऱ्याच्या खाली गेला, तरच ते त्यासाठी जोरात ओरडतात. पण स्नायूंतलं आम्ल रक्तात उतरलं की लगेच जागे होतात.

म्हणून सगळ्यात महागात पडते ती पहिली फेरी. ६ मिनिटांचं लक्ष्य असेल तर ४०० मीटरची प्रत्येक फेरी ९० सेकंदांची हवी. गर्दीच्या नादात पहिली ७५ सेकंदांत मारली, की आम्ल साठतं, मानेतले संवेदक श्वास पळवतात आणि उरलेल्या तीन फेऱ्या भाता फुंकण्यात जातात. घड्याळ लावा, पहिले २०० मीटर ४५ सेकंदांच्या आत येऊ देऊ नका. सरावाच्या सावकाश धावण्यात एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. येत नसेल तर वेग कमी करा.

शिट्टीआधी दहा-वीस खोल श्वास भरून "ऑक्सिजन साठवणं" ही दुसरी चूक. रक्त आधीच जवळपास भरलेलं असतं, जास्तीचं काही मावत नाही. उलट कार्बन डायऑक्साइड उडून जातो, ओठ-बोटांना मुंग्या येतात, गरगरतं. असं झालं तर थांबा, नाकाने हळू श्वास घ्या, सोडताना दुप्पट वेळ लावा. तोंडावर कागदी पिशवी धरू नका. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा असला तर ती घातक ठरते.

पोहताना हीच सवय जीव घेते. सूर मारण्याआधी जोरजोरात श्वास घेतले, की श्वास घ्यावासा वाटायला उशीर होतो. तोवर ऑक्सिजन घसरतो आणि माणूस पाण्याखाली काही कळायच्या आत बेशुद्ध पडतो. पट्टीच्या पोहणाऱ्यांचंही असं होतं. मुलांना "कोण जास्त वेळ बुडून राहतो" ही पैज खेळू देऊ नका.

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तापलेलं शरीरच श्वास वाढवतं. त्या दिवसांत कालचा वेग आज जमला नाही म्हणून खचू नका; पहाटे पळा, फेरीमागे काही सेकंद सोडा.

मात्र छातीत दुखणं, शिट्टीसारखा आवाज, निळे ओठ किंवा थांबल्यावर १० मिनिटांनीही न ओसरणारी धाप असेल, तर सराव बंद करून थेट डॉक्टरांकडे जा.