ब्रेक सुटत नसेल तर दोष घरी कसा शोधावा

मुंबईत रोजचा प्रवास लोकलने होत असल्याने अनेकांची गाडी आठवडाभर सोसायटीच्या आवारात उभी राहते, आणि पावसाळ्यातील ओल व समुद्राकडची खारी हवा यांमुळे तिच्या ब्रेकचे भाग गंजू लागतात. पेडलवरून पाय काढल्यावरही ब्रेक धरून राहिला, तर गाडी जड चालते, इंधन जास्त लागते, पॅड (ब्रेकच्या घासपट्ट्या) लवकर झिजतात आणि अति उष्णतेने ऐनवेळी ब्रेक कमी लागण्याचा धोका निर्माण होतो. पावसाळी रात्रीनंतर डिस्कवर (पॅड जिला दाबून धरतात त्या, चाकासोबत फिरणाऱ्या धातूच्या तबकडीवर) दिसणारा तांबूस थर आणि त्याची खरखर मात्र दोष नव्हे. चार-सहा वेळा ब्रेक लावल्यावर ती जाते.

प्रथम दोषी चाक ओळखावे. थोडे अंतर चालवून गाडी सपाट जागी थांबवावी आणि तळहात रिमजवळ नेऊन, स्पर्श न करता, उष्णतेचा अंदाज घ्यावा. पुढची चाके मागच्यांपेक्षा तापतातच, म्हणून तुलना डाव्या-उजव्या जोडीतच करावी. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये. ती वाकू शकते किंवा तिला तडा जाऊ शकतो.

ब्रेक थंड झाल्यावर, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावून, चाक जॅकने उचलावे आणि गाडी जॅक स्टँडवर टेकवावी. उतारावर हे काम करूच नये. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून चाक हाताने फिरवावे. पॅड किंचित घासल्याचा आवाज चालतो, पण जोर लावावा लागत असेल तर ब्रेक धरलेला आहे. घरघर येत असेल किंवा चाक हलवल्यावर खिळखिळे वाटत असेल, तर बेअरिंगही तपासावे.

यानंतरची चाचणी सर्वांत महत्त्वाची आहे, कारण अडकला आहे तो ब्रेक ऑइलचा दाब की एखादा भाग, हे कळल्याशिवाय सुटे भाग विकत घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे. पेडल काही वेळा दाबून सोडावे आणि चाक घट्ट असतानाच ब्लीडर निप्पलला (चाकाजवळच्या, ऑइल व हवा बाहेर सोडण्याच्या छोट्या पोकळ स्क्रूला) पारदर्शक नळी जोडून, तिचे टोक बाटलीत सोडून, निप्पल थोडे सैल करावे. ऑइल जोराने बाहेर येऊन चाक मोकळे झाले, तर दाब अडकलेला होता. असे एकाच चाकाला होत असेल तर आतून बंद होत चाललेल्या रबरी होस पाइपवर संशय घ्यावा. पुढची दोन्ही किंवा चारही चाके धरत असतील, तर मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइलचा दाब तयार करणारा भाग) किंवा पेडलकडून त्याला ढकलणारा दांडा तपासून घ्यावा. निप्पल लगेच घट्ट करावे आणि ऑइल रंगावर सांडल्यास पाण्याने धुवावे, कारण ते रंग खाते. ही दुरुस्ती जाणत्या मेकॅनिककडेच द्यावी.

निप्पल उघडूनही चाक जखडलेलेच राहिले, तर दोष यांत्रिक आहे. पुढच्या चाकांत बहुतेकदा कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या) स्लाइड पिना, म्हणजे ती ज्यांवर सरकते त्या पिना, सुकलेल्या किंवा गंजलेल्या असतात. त्या काढून, पुसून, ब्रेकसाठीचेच सिलिकॉन ग्रीस लावावे, कारण साध्या ग्रीसने रबर फुगते. कॅलिपरमधला पॅड ढकलणारा पिस्टन सी-क्लॅम्पने (स्क्रूने आवळायच्या शिकंज्याने) हळूहळू मागे सरकला पाहिजे. तो अडत असेल किंवा त्यावरचे रबर फाटलेले असेल, तर कॅलिपर दुरुस्तीला द्यावा. ब्रेकची धूळ फुंकून उडवू नये, ती फुप्फुसांना घातक असते.

मागच्या चाकांत ड्रम ब्रेक (चाकासोबत फिरणारा डबा, ज्याला आतून शू नावाच्या घासपट्ट्या दाबतात) असल्यास आधी हँडब्रेकची केबल सैल करून पाहावी. चाक सुटले तर केबल गंजलेली आहे किंवा जास्त ताणलेली आहे. नाहीतर शू ड्रमला चिकटलेला असू शकतो, आणि ड्रमवर हातोडीने हलके ठोकल्यास तो बरेचदा सुटतो. बटणाच्या हँडब्रेकची गाडी असल्यास मागचा पिस्टन बळाने दाबू नये. त्यासाठी गाडीचा सर्व्हिस मोड (दुरुस्तीसाठी हा हँडब्रेक मागे घेणारी सेटिंग) लागतो.

काम झाल्यावर, गाडी हलवण्यापूर्वी, पेडल कडक होईपर्यंत दाबावे आणि ब्रेक ऑइलच्या टाकीतील पातळी पाहावी. आवारातच अगदी सावकाश चालवून ब्रेक लावून पाहावा. पेडल मऊ वाटले तर गाडी रस्त्यावर काढूच नये.

गणपतीला गावी जाताना गाडी मागे ठेवायची असेल, तर ती सपाट जागी, पहिल्या गिअरमध्ये किंवा ऑटोमॅटिक असल्यास पार्कमध्ये ठेवून, चाकांना ठोकळे लावून हँडब्रेक सोडून ठेवावा. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, म्हणून ते साधारण दर 2 वर्षांनी बदलावे.