जर्मनचे शिक्षक होताय? सराव पाठात या चुका टाळा

भाषा पक्की असलेल्या उमेदवाराचाही पहिला सराव पाठ बहुधा फसतो, आणि तो व्याकरणामुळे नव्हे. ४५ मिनिटांतली ३० मिनिटं तो स्वतःच बोलत राहतो. पाठ टाचण लिहितानाच दोन रकाने आखा: ‘मी काय करणार’ आणि ‘विद्यार्थी काय करणार’. दुसऱ्या रकान्यात लागोपाठ तीनदा ‘ऐकतील’ आलं, की टाचण पुन्हा लिहायला घ्या.

‘समजलं का?’ विचारणं

वर्ग ‘हो’ म्हणतो. ते सवयीचं ‘हो’ असतं. त्याऐवजी ‘किती वाक्यं लिहायची? एकट्याने की जोडीने?’ असं विचारा. कोणाला कळलं नाही ते लगेच उघडं पडतं. वर्कशीट आधी वाटून सूचना नंतर देऊ नका, कारण कागद हातात पडला की माना खाली जातात. आधी सूचना, मग फळ्यावर एक नमुना, मग कागद.

नियम सांगून मोकळं होणं

‘आउफश्टेहेन’ म्हणजे उठणं. वाक्यात या क्रियापदाचे दोन तुकडे होतात: ‘इष श्टेहे उम झीबन उअर आउफ’, मी सात वाजता उठतो. फळ्यावर नियम लिहिला तर वहीत उतरतो, तोंडात येत नाही. चार पट्ट्या करा: ‘इष’, ‘श्टेहे’, ‘उम झीबन उअर’, ‘आउफ’. चार जणांना त्या धरून ओळीत उभं करा. आता ‘मॉर्गन’ (उद्या) ही पाचवी पट्टी घेतलेल्या विद्यार्थ्याला सगळ्यांच्या पुढे आणा आणि थांबा. ‘श्टेहे’ला दुसरी जागा सोडता येत नाही, म्हणून ‘इष’ला त्याच्या पलीकडे जावं लागतं, ‘आउफ’ शेवटी होता तिथेच राहतो. ही हालचाल वर्गाने स्वतः शोधायची आहे, त्यामुळे मध्ये बोलू नका.

मराठी विसरून इंग्रजीचा आधार घेणं

ही चूक आपल्याकडे सर्रास होते आणि महागात पडते. ‘वाइल’ (कारण) नंतरच्या उपवाक्यात क्रियापद शेवटी जातं: ‘वाइल इष क्रांक बिन’. इंग्रजीच्या वळणाने जाणारा विद्यार्थी ‘बिन’ हमखास आधी आणतो. ‘कारण मी आजारी आहे’ म्हणून दाखवा. आपलं ‘आहे’ आधीपासूनच शेवटी आहे. जर्मन ‘त्सेट’ (Z) अक्षराचा उच्चारही ‘त्स’ असा फोडून शिकवायची गरज नाही, ‘चमचा’तला च पुरतो. ‘ऊ’वर दोन टिंबं असतील तर ओठ ‘ऊ’सारखे गोल ठेवून ‘ई’ म्हणायला लावा.

लिंगाच्या बाबतीत मात्र जपून. तीन लिंगं दोन्ही भाषांत आहेत, एवढंच साम्य. पुस्तक इकडेही नपुंसकलिंगी, तिकडेही. पण दार जर्मनमध्ये स्त्रीलिंगी आणि ‘मेडशेन’ (मुलगी) चक्क नपुंसकलिंगी! म्हणून नाम पहिल्या दिवसापासून ‘देअर, दी, दास’ या लिंग दाखवणाऱ्या उपपदांसकटच द्या.

दर वाक्याला अडवणं

बोलण्याचा सराव चालू असताना चूक सुधारली, की बोलणारा गप्प होतो. चुका चिठ्ठीवर टिपा, शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा आणि चार-पाच वाक्यं नावं न घेता फळ्यावर लिहून वर्गाकडूनच दुरुस्त करून घ्या. उच्चाराचा किंवा व्याकरणाचा नेमका सराव चालू असेल, तर तिथल्या तिथे सुधारणंच बरं.

प्रकल्पाचा प्रश्न फार मोठा घेणं

गोएथे इन्स्टिट्यूटच्या ‘डॉइच लेरेन लेर्नेन’ या शिक्षक प्रशिक्षणात स्वतःच्या वर्गावर छोटा शोध-प्रकल्प करायचा असतो. ‘विद्यार्थ्यांची प्रेरणा कशी वाढवावी?’ हा प्रश्न दोन तासिकांत मावत नाही. ‘जोडीकामाआधी दोन मिनिटं विचार करायला दिली तर विद्यार्थी जास्त वाक्यं बोलतात का?’ हा मावतो: एक तासिका वेळ देऊन, एक न देता, दोन्हींचं परवानगीने रेकॉर्डिंग आणि वाक्यांची मोजणी. उत्तर ‘नाही’ आलं तरी अहवाल लिहिता येतो. मोजायलाच काही नसेल तर अडतं.