चेन, रॉकेल आणि रविवार

जोतिबाच्या घाटात बाईक मागून खडखडायला लागली. मेकॅनिक म्हणाला, "चेनसेटच बदला." म्हणजे चेन आणि तिची दोन्ही दातेरी चक्रं. मला पटंना.

रविवारी रंकाळ्यामागच्या बोळात गाडी डबल स्टँडवर घेतली. चेन मधोमध दाबली तर दोन इंच हलत होती. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत 25 ते 30 मिमी. चक्रांचे दात शाबूत होते. रॉकेल आणि जुन्या ब्रशनं मळ काढला, मागच्या चाकाचा नट सैल करून चेन ताणायचे दोन्ही ॲडजस्टर सारखेच फिरवले. (पहिल्यांदा खुणा जुळल्या नाहीत, चाक तिरकं बसलं. परत सगळं!) चाक मागं सरकलं की ड्रम ब्रेकची सळईही ताणते, तिचा नट सोडावा लागतो, हे कुणी सांगत नाही. शेवटी चेनला 90 नंबरचं गिअर ऑईल.

संध्याकाळी पुन्हा घाट चढलो. फक्त इंजिनाचा आवाज! नाद खुळा. घरी आल्यावर आई म्हणाली, "त्या हातानं भाकरीला शिवू नकोस."