संगणकातला चोरदरवाजा: बॅकडोअर ट्रोजन ओळखणे आणि काढणे

बॅकडोअर ट्रोजन, म्हणजे उपयोगी फाइलीचे सोंग घेऊन संगणकात शिरणारा आणि बाहेरच्या माणसाला चोरून आत येऊ देणारा कार्यक्रम, सापडल्यावर बहुतेक लोक अँटिव्हायरसने दाखवलेली फाइल पुसतात, संगणक पुन्हा सुरू करतात आणि काम मिटले असे समजतात. या सगळ्या कामात फाइल पुसणे सर्वांत सोपे असते. ती फाइल सापडेपर्यंत कोणी आत येऊन गेले असेल, तर त्याने आणखी एखादी वाट करून ठेवली असेल आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्डही नेले असतील, असे धरूनच पुढची पावले टाकावी लागतात. खालील मार्गदर्शन विंडोजच्या घरगुती संगणकासाठी आहे.

ट्रोजन हे नाव, ज्याच्या पोटात लपून शत्रू शहरात शिरला, त्या ट्रॉयच्या लाकडी घोड्यावरून आले. तो बहुधा वापरकर्त्याच्याच हातून आत येतो: क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबरोबर, ईमेलमधल्या बिलाबरोबर, किंवा नावाच्या शेवटी 'पीडीएफ' असल्याचे भासवणाऱ्या पण प्रत्यक्षात 'डॉट ईएक्सई' असलेल्या फाइलबरोबर. विंडोज ओळखीच्या प्रकारांच्या फाइलींच्या नावातली शेवटची अक्षरे मुळातच लपवते, म्हणून फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मेनूतून ती दिसतील अशी व्यवस्था आजच करून ठेवावी. एकदा चालवला गेला की ट्रोजन दूरच्या माणसाला फाइली पाहण्याची, कळफलकावर टाइप केलेले टिपण्याची, कॅमेरा चालू करण्याची सोय करून देतो. गडाचा चोरदरवाजा गड बांधणारा स्वतःच्या सुटकेसाठी ठेवत असे. हा दरवाजा मात्र परका माणूस तयार करतो आणि किल्लेदाराला त्याचा पत्ता नसतो.

1998 साली गाजलेले नेटबस आणि बॅक ऑरिफिस हे कार्यक्रम बाधित संगणकावर एक पोर्ट (जोडणीसाठीचे क्रमांक दिलेले दार) उघडून बाहेरच्या हाकेची वाट पाहत बसत. नेटबसचा ठरलेला पोर्ट 12345 होता, तर बॅक ऑरिफिसचा 31337. घरचा राउटर बाहेरून आलेली अनाहूत जोडणी सहसा आत सोडत नाही, त्यामुळे आजचे ट्रोजन उलट वाटेने जातात आणि आपल्याच संगणकातून बाहेर जोडणी करून ट्रोजन सोडणाऱ्याचा हुकूम मागतात. 'माझी फायरवॉल (नको त्या जोडण्या अडवणारी यंत्रणा) चालू आहे' या समाधानात म्हणूनच फारसा अर्थ उरत नाही, कारण बाहेर जाणाऱ्या जोडणीला विंडोजची फायरवॉल नेहमीच्या मांडणीत हरकत घेत नाही.

संगणक मंद होणे हे लक्षण फार विश्वासाचे नाही; ते जुन्या हार्डडिस्कचेही असते. अँटिव्हायरस आपोआप बंद झालेला असणे, आपण न टाकलेला दूरनियंत्रणाचा कार्यक्रम दिसणे किंवा कॅमेऱ्याचा दिवा विनाकारण लागणे यांकडे मात्र गांभीर्याने पाहावे. विंडोजबरोबर येणाऱ्या डिफेंडर या अँटिव्हायरसच्या सेटिंगमधली 'एक्स्क्लूजन्स' ही, तपासणीतून वगळलेल्या गोष्टींची यादी अवश्य उघडावी. काही ट्रोजन स्वतःचा फोल्डर त्या यादीत घालून ठेवतात आणि मग तपासणी कितीही वेळा केली तरी निकाल स्वच्छच येतो.

माउस आपोआप हलत असेल, तर विचार न करता केबल काढावी आणि वायफाय बंद करावे. तसे काही नसेल, तर जोडणी तोडण्याआधी दोन मिनिटे पाहणीसाठी द्यावीत, कारण नंतर ट्रोजनची चालू जोडणी दिसणार नाही. कमांड प्रॉम्प्ट 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडावा, 'नेटस्टॅट' हा शब्द इंग्रजीत लिहून एक जागा सोडावी, मग आडवी रेघ आणि तिला चिकटून ए, एन, ओ ही अक्षरे टाइप करून एंटर दाबावे. 'एस्टॅब्लिश्ड' लिहिलेल्या ओळी म्हणजे चालू जोडण्या, आणि शेवटचा आकडा म्हणजे ती जोडणी करणाऱ्या प्रोसेसचा (चालू असलेल्या कार्यक्रमाचा) क्रमांक. टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स' भागात तोच क्रमांक शोधावा आणि राइट क्लिक करून फाइलची जागा पाहावी. ब्राउझर, क्लाउड सेवा आणि खुद्द विंडोज यांच्या पुष्कळ जोडण्या असतातच, त्यांना घाबरू नये. 'एसव्हीसीहोस्ट' ही विंडोजच्याच एका प्रोसेसच्या नावाची प्रोसेस मात्र विंडोजच्या सिस्टम फोल्डरऐवजी 'टेम्प' किंवा 'ॲपडेटा' फोल्डरातून चालत असेल, तर चोर सापडला असे समजायला हरकत नाही. पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून मग जोडणी तोडावी.

पासवर्ड बदलण्याची घाई याच संगणकावरून करणे म्हणजे नवी किल्ली चोराच्याच हातात देणे. ते काम दुसऱ्या, खात्रीच्या उपकरणावरून करावे: आधी ईमेल, मग बँक, मग बाकीचे. प्रत्येक ठिकाणी 'सर्व उपकरणांवरून बाहेर पडा' हा पर्याय वापरावा, कारण चोरलेल्या सेशन कुकीच्या (लॉगिन झाल्याची ब्राउझरमध्ये साठवलेली खूण) आधारे पासवर्ड नसतानाही खात्यात शिरता येते. पैसे गेले असतील तर भारतात 1930 या क्रमांकावर आणि आपल्या बँकेत लगेच कळवावे, साफसफाई त्यानंतर.

पहिली तपासणी विंडोज चालू नसताना व्हावी, कारण चालू असलेला ट्रोजन स्वतःला लपवू शकतो. 'विंडोज सिक्युरिटी'मधल्या 'स्कॅन ऑप्शन्स'मध्ये डिफेंडरची ऑफलाइन तपासणी असते. ती संगणक पुन्हा सुरू करून विंडोजच्या बाहेरून सुमारे 15 मिनिटे तपास करते. त्यासाठी लागणाऱ्या ताज्या व्याख्यांची (व्हायरस ओळखण्याच्या खुणांची) फाइल मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून दुसऱ्या संगणकावर उतरवून पेनड्राइव्हने आणता येते. डिस्क कुलूपबंद करणारे विंडोजचे बिटलॉकर चालू असल्यास त्याची रिकव्हरी की आधी हाताशी ठेवावी. तो पेनड्राइव्ह तसाच परत चांगल्या संगणकात घालू नये, कारण एनजेरॅटसारखे काही ट्रोजन पेनड्राइव्हमार्फत पसरतात.

यानंतर संगणक सुरू होताना आपोआप काय काय चालते, हे पाहायचे. मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातले 'ऑटोरन्स' हे मोफत साधन रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीतल्या) 'रन' नोंदी, स्टार्टअप फोल्डर, शेड्यूल केलेली कामे आणि सर्व्हिसेस एका ठिकाणी दाखवते. त्यात मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवण्याचा आणि सह्या (कार्यक्रम कोणी बनवला याची डिजिटल खात्री) तपासण्याचा पर्याय निवडला की यादी आटोक्यात येते. अनोळखी, सही नसलेली नोंद लगेच पुसू नये. तिच्यासमोरच्या चौकटीतली खूण काढून संगणक पुन्हा सुरू करावा, कारण प्रिंटरचा किंवा स्कॅनरचा जुना ड्रायव्हरही असाच संशयास्पद दिसतो. काढलेली खूण पुन्हा आपोआप उमटली, तर एखादी प्रोसेस तिची राखण करते आहे हे उघड आहे. प्रॉक्सीची (इंटरनेटची ये-जा दुसऱ्या संगणकामार्फत वळवणारी) सेटिंग आणि वापरकर्त्यांच्या खात्यांची यादीही याच वेळी पाहावी.

इतके करूनही माझे मत असे आहे की ज्या संगणकावर बँकेचे किंवा इतरांच्या पैशांचे व्यवहार होतात, त्यावर ट्रोजन चालल्याची खात्री झाल्यास विंडोज नव्याने टाकावे. आपण काय शोधले हे सांगता येते, पण काय राहिले हे कोणालाच सांगता येत नाही. दुसऱ्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या साधनाने किमान 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर इन्स्टॉलेशन तयार करावे, डिस्कवरची सर्व विभाजने पुसून मगच विंडोज टाकावे. आधी बॅकअप घेताना फोटो आणि कागदपत्रे एवढेच उचलावे. इन्स्टॉलर, क्रॅक आणि मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या छोट्या आज्ञा) असलेल्या एक्सेल फाइली सोडून द्याव्यात. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे, तेव्हा संगणकाला झेपत असेल तर विंडोज 11 च टाकावे.

नव्या विंडोजवर ईमेल उघडण्याआधी त्या खात्याची सेटिंग एकदा नीट वाचावी. तिथे आपला नसलेला रिकव्हरी क्रमांक, एखाद्या अनोळखी ॲपला दिलेली परवानगी किंवा येणारी प्रत्येक ईमेल दुसऱ्या पत्त्यावर पाठवणारा नियम असेल, तर तो तिथेच काढून टाकावा. डिस्क कितीही वेळा फॉरमॅट केली तरी खात्यातली ती नोंद जागची हलत नाही.